रुमालाखालचा भाव

पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतला तर त्याला कोणी नावं ठेवत नाही. घाईने घेऊन आला तर ठेवतात. बैलाचा जबडा उघडून दात बघायचे, दुसा आहे की चौसा, की म्हातारा तेल चोळून खपवतायत ते ताडायचं. खूर दाबायचे, शेपटी ओढायची, चार पावलं पुढे चालवायचं, चार मागे. मग दलालाने रुमाल टाकला की त्याखाली बोटांनी भाव. एवढं करून घरी आणल्यावर बायको विचारतेच, "मारका तर नाही ना?"

आमच्या शेजारच्या दादाने अर्धा दिवस घालवून असाच एक बैल आणला होता. त्याच दादाला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं ठरलं, तेव्हा केंद्र निवडायला घरच्यांना लागलेला वेळ: एक चहा. तोही अर्धाच, कारण कप खाली ठेवायच्या आत पलीकडून विचारणा झाली, "गाडी पाठवू का?"

नंबर मिळाला होता रस्त्याकडेच्या विजेच्या खांबावरून. बोअरवेल, विवाह मंडळ आणि दारूमुक्ती असे तिघे एकाच खांबावर चिकटून होते. वहिनींनी फोन स्पीकरवर टाकला आणि मला साक्षीला बसवलं. पलीकडच्या गृहस्थांनी आजाराची चौकशी फार बारकाईने केली. शेती किती? स्वतःच्या नावावर की सामाईक? आणि जमीन शहापूरकडे असेल तर समृद्धी महामार्गात गेली का? मोबदला बँकेत आहे की वाटून झाला? रोज किती पितो, हे त्यांनी विचारलं नाही. हात कापतात का, कधी फिट आली होती का, लिव्हर कसं आहे, तेही नाही. निदान सातबाऱ्यावर होणार होतं.

"फी किती हो?" वहिनींनी विचारलं.

"ताई, तुम्ही पैशाचं बघू नका, माणसाचं बघा."

हे वाक्य ज्याने शोधलं त्याला म्हशाच्या दलालांनी वाकून नमस्कार करावा. इथे रुमालही लागत नाही. पहिल्या महिन्याचा भाव वेगळा, पुढचा वेगळा, औषधं एक्स्ट्रा, डॉक्टर आले तर एक्स्ट्रा, न्यायला येणारी गाडी एक्स्ट्रा. त्या गाडीतून चार धट्टेकट्टे येतात, रात्री दोनला, आणि माणूस उचलून नेतात. पॅकेज सहा महिन्यांचं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की ज्याला स्वतःला निर्णय घेता येत नाही त्याला दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं, त्यात एक मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि पहिली मुदत ३० दिवसांचीच. दोन तज्ज्ञांच्या जागी चार पैलवान, म्हणजे कायद्यापेक्षा दुप्पटच की.

याआधी घरगुती प्रयोग होऊन गेले होते. पहिला प्रयोग गळ्यातल्या तुळशीच्या माळेचा. सोमवारी घातली, बुधवारी दादाला भिंतीवर मुंग्यांची दिंडी दिसू लागली, अंगाला घाम, हातांना कंप. "माळेचं तेज सोसत नाही," असं आत्याबाईंचं मत पडलं. खरं तर वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की दोन-तीन दिवसांत हे होतं. फिट येते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. त्यावर गोळ्या आहेत, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत, आठवडाभर दवाखान्यात लक्ष ठेवलं की माणूस पार पडतो. पण आत्याबाईंनी गुरुवारी त्याला नव्वद मिली पाजली आणि मुंग्या गेल्या. माळ खुंटीला.

मग पावडर. "पिणाऱ्याला न सांगता चहातून द्या." पुडीवर नाव नाही, गाव नाही, फक्त एका सुखी कुटुंबाचा फोटो. आत काय होतं देव जाणे. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते घेऊन कोणी प्यायला की तोंड लाल होतं, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. म्हणून डॉक्टर ते रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने देतात. आमच्याकडे घरचा विश्वास उडायला नको म्हणून चोरून देतात. दादाला संशय आला. त्याने दारू सोडली नाही, चहा सोडला.

दारूचा भाव मात्र इतका स्वच्छ आहे की शिकायला जावं. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने बसून ठरवलं: १८० मिली देशी किमान ८० रुपये, महाराष्ट्र मेड नावाचा नवा प्रकार १४८, विदेशी २०५, भारीतली ३६०. त्यातून तिजोरीत वर्षाला १४ हजार कोटींची भर अपेक्षित. मिलीमिलीचा हिशेब. सोडवण्याचा दर मात्र खांबावरच्या माणसावर सोपवला आहे. गावात आधी पाणी उतरतं की दारूचा खोका, यावर आम्ही पैज लावत नाही. भातसा, तानसा, वैतरणा ही धरणं उशाशी असून शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याचा टँकर येतो न येतो, खोक्याचा टेम्पो मात्र कधी चुकल्याचं ऐकिवात नाही. आणि तो चुकलाच तर मोहाची आहेच, तिचा भाव कुठला मंत्री ठरवणार!

परवान्याची गंमत तर ऐकाच. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार. विदेशीसाठी एक दिवसाचा पाच रुपयांत, आयुष्यभराचा हजारात. आणि तो कशासाठी देतात? प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी. म्हणजे पिणं हे सरकारदरबारी औषध. आता दादाचा भाचा मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला, त्याच्याकडे आरोग्य विम्याची पॉलिसी. मामाला त्यात घेता येत नाहीच, पण कुतूहल म्हणून त्याने कागद वाचला. २०१७ चा कायदा सांगतो की दारू आणि नशेच्या पदार्थांतून येणारा मानसिक विकार हाही मानसिक आजारच, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच वागवावं. विम्याच्या ठरीव अपवादांत मात्र बारावा क्रमांक लावून छापलंय: दारू, अमली पदार्थ, कुठलंही व्यसन आणि त्याचे परिणाम यांवरच्या उपचारांचे पैसे मिळणार नाहीत. पिताना प्रकृतिस्वास्थ्य, कायद्यात आजार, क्लेमच्या खिडकीवर लफडं.

विमा नसला तरी कॅशलेस आम्हाला नवं नाही. याच मुरबाड तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. मंत्री आले, दुकानादुकानांत कार्डाची यंत्रं आली. तेव्हापासून कॅशलेस म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. वहिनींची पाटली कॅशलेस झाली, मग मंगळसूत्राच्या वाट्या, मग भाताचं बियाणं.

एक आकडा सांगतो, तो माझा नाही, २०१९ च्या केंद्र सरकारच्या अहवालातला आहे, एम्सच्या मंडळींनी केलेला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसलाही उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार १८० जणांत एकाला. क्वार्टर १८० मिलीची, खाट १८० जणांत एक. मापं जुळवणारा माणूस एकच असावा.

मी सुचवलं, ठाण्याला नेऊ. १९०१ पासूनचं सरकारी मनोरुग्णालय आहे, व्यसनाचाही इलाज होतो, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. घरात शांतता पसरली. आमच्याकडे "ठाण्याला नेला" याचा एकच अर्थ होतो. आत्याबाई म्हणाल्या, "बहिणीचं लग्न व्हायचंय त्याच्या." दादा गटारात पडलेला अख्ख्या सरळगावच्या बाजाराने पाहिलाय, त्याने लग्नाला बाध येत नाही. डॉक्टरकडे जाताना दिसला तर येतो. फुकट इलाजाला पत नाही आणि पत असलेल्या इलाजाला पैसा नाही. माळशेज चढून पुण्याला मुक्तांगण आहे, १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून सुरू केलेलं. पण आत्याबाईंना ते फार लांब वाटलं. खांबावरचं केंद्र कुठे आहे, हे मात्र त्यांनी विचारलं नव्हतं.

शेवटी बैल विकायचा ठरला. घ्यायला किन्हवलीकडचा एक म्हातारा आला. त्याने जबडा उघडला. खूर दाबले. अंगणात फिरवला, पुन्हा फिरवला. काल किती वैरण खाल्ली, शेणाचा रंग कसा, आधी कोणाच्या जोडीला होता, रात्री बांधतो कुठे, सगळं विचारलं. वहिनी ओट्यावर बसून ऐकत होत्या. म्हातारा रुमाल टाकणार तोच त्या उठल्या, आत गेल्या आणि खांबावरच्या माणसाला फोन लावला.

"तुमची सरकारी नोंदणी कुठली? नंबर सांगा, मी लिहून घेते. मानसोपचाराचे डॉक्टर कोण, आणि कुठल्या वाराला येतात? रात्री फिट आली तर कोण असतं? मी आठवड्याने भेटायला आले तर एकटीला बोलू द्याल का त्यांच्याशी? मारता का? सगळे पैसे मिळून किती, ते कागदावर देता का? आणि घरी आल्यावर पुढे कोण बघणार?"

पलीकडे थोडा वेळ नुसती घरघर. मग, "ताई, तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?"

"बैलवाल्यावरही नसतो," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बैल राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी १४४४६ ला फोन लावला, नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन, तिला पैसे पडत नाहीत. मग पहाटेच्या एसटीने कल्याण आणि पुढे ठाण्याची लोकल. मुरबाडच्या रेल्वेची वाट बघत बसलो असतो तर दादाचा नातू व्यसनी झाला असता. आत्याबाईंना सांगितलं की डोळ्यांच्या ऑपरेशनला चाललोय.

परत आल्यावर दादा दर आठवड्याला कल्याणला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठकीला जातो. दोनदा घसरला, पुन्हा गेला. पहिल्या वेळी वहिनी सोबत होत्या. शेवटी एक ताटली फिरली, ज्याला वाटेल त्याने वाटेल ते टाकायचं, फी नाही, वर्गणी नाही. त्यांचा विश्वास बसेना. दहाची नोट टाकली, ताटली धरणाऱ्याकडे संशयाने पाहिलं आणि विचारलं,

"पावती?"