खिशातला भाडेकरू

पुण्यात घर भाड्याने देणारा मालक आधी तोंडी परीक्षा घेतो. सामिष खाता का, रात्री किती वाजता येता, गावाकडून पाहुणे किती येतात. मग अकरा महिन्यांचा करार, डिपॉझिट, पोलीस व्हेरिफिकेशन. हाच मालक सकाळी कंपनीत जातो, तिथला आयटीचा पोरगा म्हणतो, ‘सर, ऑफिसचा मेल तुमच्याच मोबाइलवर घ्या ना,’ आणि मालक अंगठा टेकवून असा भाडेकरू आत घेतो, की ज्याला वाटेल तेव्हा घर रिकामं करायची मुभा आहे. तीही स्वतःचं सामान काढून नव्हे, मालकाचं.

अतिशयोक्ती वाटेल, पण जुन्या पद्धतीने अँड्रॉइड फोनवर कंपनीचं खातं जोडताना जो पडदा येतो, तो जरा सावकाश वाचा. पासवर्डचे नियम ठरवणे, स्क्रीन लॉक करणे, कॅमेरा बंद करणे, अशी अधिकारांची यादी असते. त्यात ‘सर्व डेटा मिटवणे’ हे कलम असतं आणि त्याखाली बारीक अक्षरात, पूर्वसूचना न देता, असंही म्हटलेलं असतं. एवढा प्रामाणिक करार पुण्यातला मालकसुद्धा करत नाही. पण वाचतो कोण? साडेदहाची मीटिंग असते आणि तिची लिंक मेलमध्ये असते.

माझ्या मेव्हण्याने नोकरी बदलली. निरोपाचा केक कापला, लॅपटॉप परत केला, गळ्यातलं ओळखपत्र दिलं. शनिवारी सकाळी फोन आपणहून बंद पडला, पुन्हा सुरू झाला आणि अतिशय अदबीने त्याला विचारू लागला, ‘आपली भाषा निवडा.’ लेकीच्या बारशाचे फोटो, दूधवाल्याचा हिशेब, गाडीच्या विम्याची पावती, सगळं स्वच्छ. व्हॉट्सअॅपचा बॅकअप तेवढा होता. त्यातून तीन वर्षांचे सुप्रभात, सूर्योदय आणि गुलाबाची फुलं सुखरूप परतली. पाळण्याचा व्हिडिओ मात्र आला नाही, कारण व्हिडिओ बॅकअपमध्ये घ्यायचे तर ते वेगळं सांगावं लागतं.

‘दाजी, कंपनीने डूख धरला,’ तो म्हणाला. मला तसं वाटत नाही. टॅक्सीत विसरलेल्या फोनमधून गिऱ्हाइकांची कागदपत्रं बाहेर जाऊ नयेत, म्हणून केलेली ही सोय आहे. नोकरी सोडणाऱ्यांच्या यादीत कुणा पोराने ‘मेल काढून घेणे’ यापुढे टिकमार्क केली असेल आणि हाताशी ते एकच बटण असेल. वैर असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

यावर तोड निघालेली आहे, आणि तीही जुनी. 2014 साली अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत ‘वर्क प्रोफाइल’ आलं. फोनच्या आतच ऑफिसची वेगळी खोली. तिथल्या अॅपवर छोटी ब्रीफकेस काढलेली. तुमच्या फोनवर हे प्रोफाइल टाकलेलं असेल, तर कंपनी आपली खोली पुसू शकते, तुमच्या दिवाणखान्यातल्या फोटोंना तिचा हात पोचत नाही. ब्रीफकेस दिसते का, एवढं बघून ठेवायला दोन मिनिटं लागतात.

गंमत म्हणजे लोकांची भीती भलतीकडेच असते. चहाच्या टपरीवर हळू आवाजात चर्चा चालते, ‘कंपनी आपलं व्हॉट्सअॅप वाचते म्हणे.’ नुसता मेल जोडल्याने ती ते वाचू शकत नाही, आणि वाचेल तर कंटाळेल. पण हीच चर्चा करणारा गृहस्थ जागेवर येऊन गृहकर्जाची कागदं, आधार, पॅन आणि बायकोचे रक्ताचे रिपोर्ट ऑफिसच्या मेलवरून स्वतः पाठवतो, कारण तिथे मोठी फाइल जाते आणि प्रिंट फुकट निघते. त्या मेलची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर राहते आणि तो नोकरी सोडून गेल्यावरही राहू शकते.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने मात्र नोकरीच्या कामासाठी माहिती वापरायला, मालकाचं नुकसान टाळायला, वेगळ्या संमतीविना वाट ठेवली आहे. आम्ही तर संमतीसुद्धा न वाचताच देणारे.

मेव्हण्याने नव्या नोकरीत ऑफिसच्या मेलसाठी एक स्वस्तातला वेगळा हँडसेट घेतला. खिशात आता दोन फोन. परवा चुलतभावाच्या लग्नात अंतरपाट दूर झाला, सगळ्यांनी हात उंचावले आणि याने घाईत नेमका ऑफिसचा फोन काढला. पडद्यावर सूचना आली, संस्थेच्या धोरणानुसार कॅमेरा बंद आहे. शेजारी उभ्या मामींनी ती मोठ्याने वाचली आणि विचारलं, ‘अरे, कंपनीत लागलास ना? का मिल्ट्रीत?’