पिस्तुलाचं आरसी बुक

(टेक्सास, डॅलसजवळचं एक घर. आरटीओतून निवृत्त झालेले सासरे लेकीकडे राहायला आलेत. जावयाच्या कपाटातली तिजोरी आज उघडी राहिली आहे.)

सासरे : जावईबापू, ह्या पिस्तुलाचं आरसी बुक कुठंय?

जावई : पिस्तुलाला आरसी नसतं, बाबा. नंबर असतो फक्त, कारखान्यात कोरलेला.

सासरे : म्हणजे चासी नंबर. सरकारदरबारी नोंद?

जावई : केंद्रानं बंदूकमालकांचं रजिस्टर करायचंच नाही, असा 1986चा कायदा आहे.

सासरे : रजिस्टर न ठेवण्याचा कायदा! बरं, लायसन्स?

जावई : टेक्सासमध्ये ते बाळगून बाहेर फिरायलाही 1 सप्टेंबर 2021 पासून लागत नाही. वय बसत असलं आणि कायद्यानं बंदी घातलेली नसली म्हणजे झालं.

सासरे : आणि माझ्या लेकीला गाडीच्या लायसन्ससाठी पॅरलल पार्किंग करायला लावलंत! विमा?

जावई : गाडीला सक्तीचा. ह्याला नाही.

सासरे : मग सोपं आहे. गाडीचे नियम उचला आणि बंदुकीला लावा. एकूण एक.

जावई : लावा! मी कधीचा तेच म्हणतोय.

सासरे : (दचकून) तुम्ही?

जावई : मग काय! दुकानात पिस्तूल घेताना फॉर्म भरा, एफबीआयकडून नाव तपासून घ्या. गाडी मात्र काल तुरुंगातून सुटलेल्यालाही मिळते. स्वतःच्या शेतात फिरवायची तर लायसन्स नको, नंबरप्लेट नको. शिवाय माझं गाडीचं लायसन्स न्यूयॉर्कमध्ये चालतं. पिस्तुलाचा टेक्सासचा परवाना मुद्दाम काढून तिथं गेलो, तरी आत टाकतील.

सासरे : हं.

जावई : सायलेन्सरचंच घ्या.

सासरे : त्याचं मला सांगू नका. सायलेन्सर काढलेल्या बुलेटी पकडण्यात माझी हयात गेली.

जावई : इथंही गाडीचा काढला तर दंडच. पण बंदुकीला लावायचा, तर 1934च्या कायद्याखाली बोटांचे ठसे, फोटो, केंद्राची मंजुरी. आणि बंदुकीचा सायलेन्सर विकणाऱ्या हायरम पर्सी मॅक्सिमनंच मोटारींसाठीही तो बनवला होता!

सासरे : म्हणजे गाडी बोलली तर दंड, बंदूक गप्प बसली तर चौकशी. (विचार करून) पण मला सांगा, गाड्यांना पट्टे कुणी बसवायला लावले?

जावई : केंद्रानं. 1966च्या कायद्यानंतर.

सासरे : तसं बंदुकीच्या बनावटीवर लक्ष कुणाचं?

जावई : घरगुती वस्तूंच्या सुरक्षेसाठी इथं एक केंद्रीय आयोग आहे. टोस्टर, पाळणे, खेळणी, सगळं बघतो. बंदूक त्याच्या हद्दीबाहेर.

सासरे : खेळण्यातली बंदूक?

जावई : ती हद्दीत.

(सासरे पाणी मागतात.)

सासरे : बरं, एखाद्या गुन्ह्यात पिस्तूल सापडलं, तर मालक शोधतात कसा?

जावई : नंबर घेऊन आधी कारखान्याला विचारायचं, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानदाराला. त्याच्याकडे फॉर्म असतो. दुकान बंद पडलं असेल, तर त्याचे कागद वेस्ट व्हर्जिनियात, मार्टिन्सबर्गच्या केंद्रात. तिथली माणसं पान-पान उलटतात.

सासरे : कॉम्प्युटर नाही?

जावई : आहे. पण त्यात पानांचे नुसते फोटो. नाव टाकून शोधलं तर सापडता कामा नये, अशीच व्यवस्था आहे.

सासरे : (कौतुकानं) आमच्या रेकॉर्ड रूममध्येही हुबेहूब अशीच व्यवस्था होती हो. पण त्यासाठी कुणी कायदा नव्हता केला.