सूनबाईने फोन आपटला

‘टँकर आला का हो?’ या एका प्रश्नाने आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी वैतागले होते. ‘तू कॉम्प्युटरवाला ना, कर काहीतरी,’ म्हणत त्यांनी ते लोढणं माझ्या गळ्यात अडकवलं.

पूर्वी फोनला आपोआप उत्तर देण्यासाठी वेगळी यंत्रं आणून ती फोनच्या तारांना जोडावी लागत. आता २००८ साली अमेरिकेत निघालेल्या ट्विलिओसारख्या कंपन्या नंबर भाड्याने देतात आणि त्याच्या दोऱ्या आपल्या हाती सोपवतात. फोन आला की त्यांचा सर्व्हर माझ्या वेबपानाचं दार वाजवतो, ‘पाहुणे आलेत, काय करू?’ मी चिठ्ठी पाठवायची. चिठ्ठीत मोजकीच क्रियापदं: से, प्ले, गॅदर, डायल, हँगअप. म्हणजे बोल, वाजव, आकडा घे, जोडून दे, ठेव. सगळी आज्ञार्थी! माझ्या इतक्या आज्ञा घरात आजवर कुणी पाळलेल्या नाहीत. दोन दिवस मी तरंगतच होतो.

यंत्राच्या आवाजातलं मराठी ऐकून बायको म्हणाली, ‘हे माहिती देतंय की धमकी?’ म्हणून तिच्याच आवाजात निरोप रेकॉर्ड केला. ‘नमस्कार. टँकरच्या वेळेसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन.’

संध्याकाळी बी विंगमधली आत्या दारात उभी. ‘तुझ्या बायकोने माझ्या तोंडावर फोन आपटला!’

उलगडा झाला तो असा. सूनबाईचा आवाज ओळखून आत्या म्हणाली होती, ‘दाबते गं, पण आधी सांग, जेवलीस का?’ उत्तराची वाट बघितली. मग गुडघ्याचं सांगितलं. इकडे गॅदर आकड्याची वाट बघत होता. वेगळं काही सांगितलं नाही तर तो पाच सेकंद थांबतो आणि पुढच्या आज्ञेकडे वळतो. पुढची आज्ञा मीच लिहिली होती: हँगअप.

बरं, आत्या तासभर बोलली असती तरी त्यातून ‘एक’ निघणं अवघडच. फोनचं बटण एकाच वेळी दोन सूर काढतं. एकचे सूर ६९७ आणि १२०९ हर्ट्झ. अमेरिकेत १९६३ साली बटणांचे फोन आले, तेव्हाच ही जोडी अशी बेतली होती की माणसाच्या बोलण्यातून ती चुकून उमटू नये. गुडघेदुखीत ती कुठून सापडणार?

मला खटकलं ते वेगळंच. आपल्याकडे फोनवर ऐकणारा गप्प नसतो. ‘हं’, ‘हो का’, ‘अगं बाई’ असं काहीतरी म्हणत राहतो. तो हुंकार थांबला की आपण लगेच विचारतो, ‘ऐकतोयस ना?’ माझ्या चिठ्ठीत बोलायला, वाजवायला, ठेवायला शब्द होते. ‘हं’ म्हणायला एकही नव्हता. आणि गप्प बसलेला माणूस विचार करतोय, चष्मा शोधतोय की रागावलाय, हे त्या पाच सेकंदांना कळायचा प्रश्नच नव्हता.

रात्री बसून पाचाचे पंधरा सेकंद केले. तरीही आकडा आला नाही तर निरोप पुन्हा वाजतो, आणि त्यानंतर फोन थेट सेक्रेटरींकडे जातो. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

आत्याला समजावलं की ते यंत्र आहे. तिला पटलं. तरी ती आधी ‘जेवलीस का?’ विचारते आणि मगच एक दाबते. पंधरा सेकंद तिला पुरतात.