चार किलोमीटरचा परदेश

परतूर स्टेशनावर आम्हाला सोडायला चौदा माणसं आली होती. त्यातली दोन खरं तर दुसऱ्याच गाडीची वाट बघत होती, पण दोस्ताच्या वडिलांनी 'पोरं परदेशात चाललीत' असं सांगितल्यावर त्यांनीही उठून हात हलवले. एप्रिल २००६ ची गोष्ट. परीक्षा संपली होती, निकाल लागायचा होता आणि नेपाळला जायचं ठरलं होतं. मोठ्या शहरातली पोरं लंडन-अमेरिकेच्या गप्पा मारायची. आम्ही बिनपासपोर्टाचा परदेश हुडकून काढला होता. गल्लीतल्या एका काकांनी तेव्हाच शंका काढली, "पासपोर्ट लागत न्हाई तो कसला परदेश? आपल्या सेलूला जायचं तरी तिकीट काढावं लागतंय."

सामानात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोस्ताच्या बनियनला आतून शिवलेला एक खिसा. त्या खिशात पाचशेच्या बारा नोटा. तोंड त्याच्या आईनं दुहेरी दोऱ्यानं असं बंद केलं होतं, की चोरालाच काय, मालकालाही हात घालता येऊ नये. मनमाडला काशी एक्सप्रेस पकडली, गोरखपूरला उतरलो, तिथून बसनं सोनौली.

सोनौलीला एक कमान आहे. कमानीच्या अलीकडे आपण, पलीकडे ते. खालून सायकली, रिक्षा, डोक्यावर भाजीची टोपली घेतलेल्या बाया, एक बकरी, सगळं ये-जा करत होतं. दोस्तानं गोरखपूरपासून मतदार ओळखपत्र हातात धरून ठेवलेलं. पोलिसानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दोस्त मागं फिरला आणि ओळखपत्र छातीशी धरून पोलिसासमोरून पुन्हा एकदा सावकाश चालत आला. तरीही नाही. त्याचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. बकरीलाही विचारलं नव्हतं, एवढाच दिलासा.

पलीकडे गेल्यावर घड्याळ पंधरा मिनिटं पुढं केलं. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढीच पुढं. वर्ष मात्र एकदम छप्पन्नानं पुढं गेलं, कारण तिथं विक्रम संवत चालतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात २०६२ चा चैत्र होता. सरहद्दीपासून चार किलोमीटरवर भैरहवा. रात्र तिथं काढायची आणि सकाळच्या बसनं काठमांडू, असा बेत. लॉजच्या मालकानं वहीतून मान वर न करता विचारलं, "आयसी की एनसी?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आयसी म्हणजे भारतीय रुपया, एनसी म्हणजे नेपाळी. १९९३ पासून भाव बांधलेला, आपल्या शंभराला त्यांचे एकशे साठ. दोस्तानं मनातल्या मनात सहा हजारांचे नऊ हजार सहाशे केले आणि त्याची छाती फुगली. इतक्या सोप्या रीतीनं त्याच्या घराण्यात कुणी पैसा कमावला नव्हता. तो संडासात गेला, ब्लेडनं टाके उसवले, घामानं ओली झालेली नोट आणून टेबलावर ठेवली. मालकानं ती पेन्सिलच्या टोकानं आमच्याकडे परत सरकवली. भारताच्या पाचशे आणि हजारच्या नोटांना तेव्हा नेपाळात बंदी होती. शंभराच्या आणा, म्हणाला.

म्हणजे परदेशात पोचल्यावर तासाभरात आम्ही सायकलरिक्षानं स्वदेशी आलो. सोनौलीच्या दुकानदारानं मोड देताना आपला हिस्सा कापून घेतला आणि आम्ही दुसऱ्यांदा परदेशगमन केलं. या खेपेला दोस्तानं ओळखपत्र बाहेर काढलं नाही.

'आयसी की एनसी' ऐकताना मला आमचे आबा आठवत होते. आबांचा जन्म १३३८ फसलीतला. परतूर तेव्हा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, आणि सरकारी कागदावर फसली साल. इसवी सन काढायचं तर त्यात ५९० मिळवायचे. निजामाचं नाणं वेगळं, त्याला हाली म्हणत. इंग्रजांचा रुपया तो कलदार. सहा कलदारांना सात हाली, असा हिशेब. मंठ्याच्या पलीकडे लोणार, पण लोणार वऱ्हाडात, आणि वऱ्हाडात कारभार इंग्रजांचा. अठराव्या वर्षी आबा एका दोस्ताला घेऊन लोणारचं तळं बघायला गेले. तिथल्या फराळवाल्यानं 'हाली का कलदार?' असं विचारलं आणि हाली म्हटल्यावर पुढ्यातली चिवड्याची पुडी उचलून घेतली. परत येताना नाक्यावर करोडगिरीच्या माणसानं, म्हणजे निजामाच्या जकातवाल्यानं, धोपटी सोडायला लावली. आत तळ्याकाठचा खाराचा एक खडा निघाला. जकात किती लावावी याचा त्यानं बराच विचार केला म्हणे. शेवटी आबांनी शाळेतल्या उर्दूत 'जनाब' म्हणून विनवल्यावर सोडून दिलं. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती, की आबा 'लोणार' म्हणाले की घरातली पोरं उठून जायची.

दुसरा दिवस ६ एप्रिल. सकाळी रस्त्यावर एकही गाडी नाही. राजा ज्ञानेंद्रच्या विरोधात सात पक्षांनी चार दिवसांचा देशव्यापी बंद पुकारला होता. आम्ही निघताना नेपाळची थंडी, नेपाळचे स्वेटर, पशुपतिनाथाच्या दर्शनाची वेळ, सगळं विचारून घेतलं होतं. तिथं क्रांती चालू आहे का, हे विचारायचं राहिलं. बस कधी सुटेल म्हटलं की मालक म्हणायचा, 'भोलि'. भोलि म्हणजे उद्या. हा शब्द आम्ही चार दिवस ऐकला. चौकात टायर जळायचा, घोषणा व्हायच्या, पोलीस यायचे, पांगापांग व्हायची; मग टायरचा धूर खाली बसला की कुल्फीवाला त्याच्या कडेनं गाडी ढकलत जायचा. स्वेटर पिशवीच्या तळाशी होते. भैरहव्याची दुपार परतूरच्या दुपारीइतकीच भाजून काढत होती.

बंदात सायकलींना मात्र कुणी अडवत नव्हतं. मालकाच्या ओळखीनं दोन सायकली भाड्यानं घेतल्या आणि बावीस किलोमीटरवरच्या लुंबिनीला गेलो. मायादेवीचं मंदिर, आणि शेजारी लोखंडी कठड्यात अशोकाचा खांब. अशोक स्वतः इथं आला होता आणि बुद्धाचं जन्मगाव म्हणून त्यानं गावाचा कर माफ केला, सारा आठव्या हिश्श्यावर आणला, असं त्या खांबावर कोरलंय. दोस्त शेतकऱ्याचा पोरगा, तो खांबासमोर बराच वेळ उभा राहिला. "पाव्हणा असा पायजे," म्हणाला, "आला, बघितलं, सारा कमी केला, गेला." येताना त्याची सायकल पंक्चर झाली आणि आम्ही निम्मा रस्ता चालत आलो. नेपाळ जर कुठं पाहिलं असेल तर या रस्त्यावर. दारात गव्हाच्या पेंढ्या रचणारी माणसं, हापशावर रांग, आणि एका आजीनं न विचारता दिलेलं तांब्याभर पाणी.

बूथवरून घरी फोन लावला तर दोस्ताची आई रडत होती. टीव्हीवर काठमांडूची संचारबंदी दाखवत होते. "आई, आम्ही मजेत आहोत," दोस्त ओरडला, "काही झालंच तर चालत भारतात येतो." ती जास्तच रडायला लागली. ते शब्दशः खरं आहे, हे तिला कसं कळावं?

९ तारखेला चार दिवस पुरे झाले आणि बंद बेमुदत झाला. १० तारखेला आम्ही पिशव्या खांद्याला मारून खरोखरच चालत आलो. कमानीखालून येताना या वेळी पोलिसानं आम्हाला थांबवलं आणि विचारलं, "कुठून आलात?" दोस्त एवढा खूश झाला की त्यानं जिल्ह्यासकट पत्ता सांगितला. घड्याळ मागं घ्यायचं मात्र दोघंही विसरलो. त्या पंधरा मिनिटांमुळे गोरखपूरला गाडी चुकली नाही, एवढा एक फायदा या प्रवासात झाला.

परतूरला चौदापैकी तिघं न्यायला आले. काकांनी लगेच विचारलं, "काठमांडू कसं काय?" दोस्तानं काठमांडूचं जे वर्णन केलं ते मी इथं देत नाही. २४ तारखेला राजानं माघार घेऊन संसद पुन्हा बसवायचं कबूल केल्यावर तर आंदोलनातला आमचा वाटा रोज थोडा थोडा वाढू लागला.

मी आबांजवळ बसलो तेव्हा खिशात पाच रुपयांची एक नेपाळी नोट उरली होती. एका बाजूला तुरा लावलेला राजा, दुसऱ्या बाजूला याक. आबांनी ती उजेडात धरून उलटसुलट बघितली.

"हितं चालतीय का?"

"नाही."

"कामून?"

"एनसी आहे, आबा."

आबा हसले. उशाशी त्यांचा सुपारीचा डबा असायचा, त्याच्या तळाशी एक हाली नाणं. चारमिनार, आणि मधल्या दरवाज्यात निजामाच्या नावातलं 'ऐन' हे अक्षर. हाली बाजारातून जाऊन तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षं होत आली होती. त्यांनी ते नाणं नोटेवर ठेवलं, नोट चारी बाजूंनी दुमडली आणि सुपारी बाजूला सारून पुडी डब्यात टाकली.

"बस," म्हणाले, "लोणारचं सांगतो तुला."

या वेळी मी उठलो नाही.