पेरायचं कशाला?

लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला दूरदृष्टी म्हणून नाही. सोयाबीनचं बियाणं आणतो आणि पाऊस पडला की खुशाल सगळंच पेरून टाकतो! उगवलं नाही, की मग जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी. कायदा 2019 चा, प्रेमळ आहे: 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, निकाल 3 महिन्यांत, प्रयोगशाळेत तपासणी लागली तर 5. महिने कोणत्या पंचांगाचे, तेवढं लिहायचं राहिलं.

तक्रार, शपथपत्र, सातबारा, पक्की पावती, तालुका समितीचा पंचनामा, टॅगसकट रिकामी पिशवी. सगळं झेरॉक्ससह हजर. कंपनीचा वकील शांतपणे विचारतो, ‘तपासणीसाठी बियाण्याचा नमुना?’

नमुना मातीत! रास्त प्रश्न आहे. शहाण्याने निम्मं बियाणं कोर्टासाठी राखावं. जाणत्याने तर पेरूच नये, पिशवी थेट तक्रारीला जोडावी.

शेतकऱ्याकडून नमुना राखण्याची अपेक्षा धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच सांगितलं. तरी कंपन्यांच्या लेखी जबाबात हा आक्षेप पुन्हा तरारून वर येतोच. कंपन्यांनी त्याचंच वाण बाजारात आणावं.