आधी हजेरी, आता पुरावा

1950 साली तुझा आजा कुठं राहत होता? कागद आण. मुरुम गावच्या माळावर पाल टाकून राहणाऱ्या पारध्याच्या पोराला जातीचा दाखला हवा असेल, तर या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. अनुसूचित जमातीसाठी मानीव तारीख आहे 6 सप्टेंबर 1950. आणि गुन्हेगार जमातींचे कायदे रद्द झाले 31 ऑगस्ट 1952ला. म्हणजे ज्या दिवशीचा रहिवास दाखवायचा, त्या दिवशी त्या जमातीवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का होता! गावात थारा नाही, पोलिसपाटलाकडं हजेरी. तिकडं सोलापुरात तर अशा जमातींना तारेच्या कुंपणात डांबलेलं; त्या वस्तीला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. अशा माणसाच्या नावानं सातबारा कुठून निघणार? शाळेचा दाखला कोण देणार होतं?

हे दुखणं एकट्या हिंदुस्थानचं नाही. समतेचा डंका पिटणाऱ्या फ्रान्सनं 1912 साली फिरस्त्यांसाठी वेगळी वही काढली. तेरा वर्षांच्या पोरापासून सगळ्यांची उंची, कानाची लांबी, बोटांचे ठसे त्या वहीत. गावात शिरताना शिक्का, निघताना शिक्का. 1969ला ती वही गेली, दुसरी आली. मतदार यादीत नाव घालायला इतरांना सहा महिन्यांचा रहिवास पुरे, यांना मात्र तीन वर्षं! मताची ही अट तिथल्या घटना परिषदेनं 2012 साली उडवली. ती दुसरी वही जायला 2017 उजाडलं. त्यात भरडलेले कितीतरी रोमा, ज्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी आपल्याच उत्तर भारतातून गेले.

फिरतो म्हणून संशय घ्यायचा, स्थिर व्हायला लागला की पुरावा मागायचा. दोन्हीकडं तीच रीत.

आपल्याकडं गावात चोरी झाली की पाल कुठं आहे हे यंत्रणेला रातोरात सापडतं. म्हातारी, लेकरं, भांडी, चूल, सगळं उलथंपालथं होतं. दाखल्याच्या वेळी तेच पाल कुणाला दिसत नाही. हे मला संतापजनक वाटतं. कागद नसेल तर घरी जाऊन चौकशी करायची सोय नियमात आहे. मग अधिकाऱ्यांनी पालावर जावं, पंचांसमोर म्हाताऱ्यांचे जबाब घ्यावेत, आणि जूनमध्ये शाळा भरायच्या आत पोरांच्या हातात दाखले द्यावेत.