लंपीची भावकी

सातारा-सांगलीकडं गावोगाव एक नाना असतात. कुठं त्यांना आबा म्हणतात, कुठं तात्या. समोरच्याचं आडनाव कळलं की यांना राहवत नाही. विट्याचे की खटावचे? खटावचे, तर थोरल्या पातीचे की धाकट्या? अर्ध्या तासात परका माणूस त्यांचा पाव्हणा होतो, आणि पुढच्या अर्ध्या तासात त्याच्या बांधाच्या भांडणाचा निवाडाही लागतो. सोयरिकीची वही कायम खिशात. वहीत जो बसत नाही, तो जन्मलाच नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात गुरांचा लंपी रोग आला. जनावरांचे बाजार बंद झाले. सुप्रीम कोर्टानं आदल्याच डिसेंबरात मोकळ्या केलेल्या बैलगाडा शर्यती पुन्हा थांबल्या. खिलारांच्या अंगावर गाठी उठल्या आणि गाव घाबरलं. नानांनी वही काढली.

"डॉक्टर, ह्यो कुनाचा?"

गुरांचे डॉक्टर खपलीचा नमुना काढत होते. म्हणाले, "देवीच्या घराण्यातला, नाना. मेंढ्यांची देवी, शेळ्यांची देवी आणि हा लंपी, तिघे सख्खे. जनुकं जवळजवळ सत्त्याण्णव टक्के सारखी. म्हणून तर गाईला शेळीची लस टोचतोय."

हे बी.एस्सी. झालेल्या पुतण्याच्या गळी उतरेना. नानांना लगेच पटलं. "एकाचं नाक वळखलं की भावाचं बी वळखतंय की रं!" लस भावंडांवर कशी चालते, याचा इतका सुटसुटीत खुलासा मी तरी वाचलेला नाही.

नमुना औंधला जाणार म्हटल्यावर नानांची छाती फुगली. यमाईच्या औंधात नाही, पुण्याच्या औंधातल्या रोग अन्वेषण विभागात जाणार, हे कळल्यावर ते दोन दिवस डॉक्टरांशी बोलले नाहीत.

मग कळलं की पीसीआर चाचणी विषाणूचं नुसतं आडनाव सांगते. पाती कोणती ते हवं, तर सुमारे दीड लाख अक्षरांचा अख्खा जनुकसंच वाचायचा, जगभरातल्या आधीच्या विषाणूंच्या शेजारी ठेवायचा आणि कुठं कुठं अक्षर बदललंय ते मोजायचं. फरक कमी, तो जवळचा. त्यावरून वंशवृक्ष. नाना हे पंचांग ऐकावं तसं ऐकत होते. भारतात लंपी पहिल्यांदा २०१९ मध्ये ओडिशात दिसला. त्या वर्षीचे रांचीचे नमुने केनियाच्या जुन्या विषाणूच्या जवळचे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं २०२२ चे विषाणू वाचले, तर काही रांचीच्याच वळणाचे निघाले, पण काहींत बदलच बदल, आणि ते २०१५ मधल्या रशियाच्या विषाणूंजवळ जाणारे.

"म्हंजी दोन पात्या," नाना म्हणाले आणि लिहून घेतलं.

त्यांची हाव वाढली. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाह विषाणूची प्रतिपिंडं सापडली होती. नमुने मार्च २०२० चे. जिल्ह्याचा पाव्हणा म्हणून नानांनी त्यालाही पान दिलं. डॉक्टरांनी सांगितलं, प्रतिपिंडांवरून विषाणू येऊन गेला एवढंच कळतं. मलेशियाचा की बांगलादेशचा, हे त्याचा जनुकसंच मिळाल्याशिवाय कसं सांगणार? "उंबऱ्यावर जोडं दिसलं, पर मानूस गावला न्हाई," असं पुटपुटत नानांनी पान कोरंच ठेवलं.

घोटाळा केला तो रशियातल्या सारातोवच्या २०१७ च्या लंपीनं. त्याच्या जनुकसंचात काही तुकडे केनियाच्या वळणाचे आणि काही चक्क नीथलिंग या लसीतल्या विषाणूचे. वंशवृक्ष काढताना कुठला तुकडा धरावा, त्यावर त्याची फांदी बदलते. असलेच मिश्र विषाणू पुढं चीन, व्हिएतनाम, थायलंडपर्यंत गेले.

नाना हादरले. पळून जाऊन केलेली लग्नं त्यांनी वहीत कधी घेतली नव्हती. सख्ख्या नातीचंसुद्धा नाही. बराच वेळ पेन्सिल कानावर तशीच राहिली. शेवटी त्यांनी नवं पान उलटलं, घराण्याच्या रकान्यात 'केनिया' लिहिलं, आणि डॉक्टरांना विचारून आजोळच्या रकान्यात 'लस'.